पालक तेच, एजन्सी दुसरी

इंग्लंडमध्ये 31 मार्च 2024 रोजी 83,630 मुले स्थानिक कौन्सिलांच्या जबाबदारीवर होती. घरातली मारहाण, दुर्लक्ष, आईवडिलांचे व्यसन किंवा मानसिक आजार, परदेशातून एकट्यानेच येऊन पोहोचणे, अशी त्यामागची कारणे. यांतली सुमारे दोन तृतीयांश मुले वसतिगृहात नव्हे, तर फॉस्टर पालकांच्या घरी राहत होती. दत्तक घेणाऱ्याला मुलाचे कायदेशीर पालकत्व मिळते, फॉस्टर पालकाला ते मिळत नाही. मुलाविषयीचे मोठे निर्णय कौन्सिल घेते; सकाळी डबा भरून शाळेत पाठवणे, रात्री दचकून उठलेल्या मुलाशेजारी बसून राहणे हे काम फॉस्टर पालकाचे. या दोघांच्या मध्ये एक संस्था असते. ती पालकाला निवडते, शिकवते, मान्यता देते, त्याच्यावर लक्ष ठेवते आणि दर आठवड्याचा भत्ता त्याच्या हाती पोहोचवते. ही संस्था म्हणजे कौन्सिलचाच एक विभाग असेल किंवा एखादी स्वतंत्र एजन्सी. पालकाला ही संस्था बदलता येते आणि अनेक जण ती बदलतात. हा बदल मुलाच्या दृष्टीने केवळ कागदांचा असायला हवा, असे माझे म्हणणे आहे. इंग्लंडच्या कायद्याने पालकाला बाहेर पडण्याची मोकळीक दिली. पण तो बाहेर पडत असताना मुलाचे घर टिकते की नाही, हे मात्र बरेचसे संस्थांच्या समजूतदारपणावर सोडून दिले. पालकाची मान्यता पालकाची न मानता संस्थेची मानली गेली, यात या त्रुटीचे मूळ आहे.

आधी रचना पाहू. मुलांच्या जबाबदारीची चौकट 1989 च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टने घालून दिली, तर पालकांच्या मान्यतेची पद्धत 1 एप्रिल 2011 पासून लागू झालेल्या फॉस्टरिंग सर्व्हिसेस नियमांनी ठरवली. इच्छुक माणसाची चौकशी दोन टप्प्यांत होते. पहिल्यात पोलिसांकडच्या नोंदी, प्रकृती, घर, घरातली इतर माणसे, ओळखीच्यांचे दाखले. दुसऱ्यात सोशल वर्कर पुन्हा पुन्हा घरी येतो आणि त्या माणसाचे बालपण, संसार, पचवलेली दुःखे, रागावण्याची तऱ्हा, मुलांना वळण लावण्याविषयीच्या कल्पना यांवर सविस्तर अहवाल लिहितो. अहवाल संस्थेच्या फॉस्टरिंग पॅनेलपुढे जातो, पॅनेल शिफारस करते आणि त्यासाठी नेमलेला संस्थेतलाच वरिष्ठ अधिकारी अंतिम निर्णय देतो. ऑफस्टेड ही सरकारी यंत्रणा संस्थांची तपासणी करते, एकेका पालकाला प्रमाणपत्र देत नाही. एका वेळी एकाच संस्थेची मान्यता असू शकते आणि संस्था सोडली की तीही संपते. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तशी सोय इथे नाही. पंधरा वर्षे मुले सांभाळलेल्या बाईलाही नव्या संस्थेत अर्जदार म्हणूनच जावे लागते. चौकशी नव्याने, पॅनेल नव्याने. आणि नव्या मान्यतेनंतरचा पहिला वार्षिक आढावासुद्धा नवख्या पालकासारखा पॅनेलपुढे.

सोडण्याची तरतूद त्या मानाने फार सोपी आहे. पालकाने लेखी कळवले की ते पत्र संस्थेला मिळाल्यापासून 28 दिवसांनी मान्यता आपोआप संपते. संस्थेला नकार देता येत नाही आणि मुदतही लांबवता येत नाही. घरात मूल असले तरी हाच नियम. आता दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. मिळवण्याला कित्येक महिने आणि संपण्याला 28 दिवस. रागाच्या भरात कुणी आधी राजीनामा धाडला आणि नवी मान्यता तयार नसली, तर मुदत सरताच मूल ज्या घरात राहते ते घर मान्यताप्राप्त उरत नाही आणि मुलाला तिथे ठेवायला कौन्सिलला कायद्याचा आधार राहत नाही. म्हणून जाणती माणसे क्रम उलटा ठेवतात. आधी नव्या संस्थेकडे अर्ज, पूर्ण चौकशी, पॅनेलची शिफारस आणि निर्णय. राजीनाम्याचे पत्र त्यानंतर. समजा, जूनच्या पहिल्या आठवड्यात नव्या संस्थेच्या पॅनेलने अनुकूल शिफारस केली. शिफारस आणि बैठकीचे अंतिम इतिवृत्त हाती आल्यावर कामाच्या सात दिवसांत निर्णय व्हावा, अशी अपेक्षा असते. मग राजीनामा 16 जूनला जुन्या संस्थेत पोहोचला, तर जुनी मान्यता 14 जुलैला संपेल आणि नवी मान्यता नेमकी त्याच दिवसापासून लागू होईल अशी बांधणी करावी लागते. त्या एका दिवशी पालक आणि संस्था यांच्यातला करार बदलतो, त्या विशिष्ट मुलाबद्दलचा करार नव्याने होतो, भत्ता दुसऱ्या खात्यातून येऊ लागतो, विमा बदलतो, मध्यरात्री मूल घरी आले नाही तर फोन कुठे करायचा तो क्रमांक बदलतो. मूल त्या दिवशी नेहमीसारखे शाळेत जाऊन येते. चांगल्या बदलीत असेच घडते. मुलाच्या बाजूने पाहिले तर फारसे काहीच घडत नाही.

ही बांधणी साधायची तर जुन्या संस्थेने नव्या संस्थेला पालकाची फाइल दाखवायला हवी. या फाइलमध्ये मूळ चौकशी अहवाल, दरवर्षीचे आढावे, प्रशिक्षणाच्या नोंदी, सोशल वर्करच्या भेटींची टिपणे, वर्षातून किमान एकदा न कळवता झालेली भेट, तक्रारी आणि त्यांचा निकाल हे सगळे असते. पालकाने संस्था सोडल्यावरही ती किमान 10 वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे. 2013 साली नियमांत दुरुस्ती झाली आणि अर्जदाराच्या संमतीने ही कागदपत्रे नव्या संस्थेला पाहता येतील, असा रस्ता मोकळा झाला. गेल्या 12 महिन्यांत ज्याच्याकडे दुसऱ्या संस्थेची मान्यता होती, त्याच्याबाबत ओळखीच्या दोघांच्या मुलाखतींऐवजी त्या संस्थेचा दाखला पुरतो. दुरुस्ती शहाणपणाची होती. एकाच माणसाच्या बालपणाचा इतिहास दर वेळी कोऱ्या कागदावर लिहीत बसण्यात कुणाचेच भले नाही. तरी ती अर्ध्यावर थांबली, असे मी म्हणेन. जुन्या अहवालाचा उपयोग करता येतो, पण त्याला स्वतःचे वजन नाही. नवी संस्था तो वाचते आणि मग आपला अहवाल लिहिते. मान्यता पालकासोबत चालत नाही, फार तर तिची छायाप्रत चालते.

खरी गाठ बसते ती घरात मूल असताना. मूल एजन्सीचे नसते, कौन्सिलचे असते. त्यामुळे पालकाने एजन्सी बदलायची ठरवली की मुलाला तिथे ठेवणाऱ्या कौन्सिलची संमती लागते, आणि एकाच घरात दोन भावंडे व तिसरे दुसऱ्याच कौन्सिलचे मूल असेल तर दोन्ही कौन्सिलांची. 1974 पासून काम करणाऱ्या फॉस्टरिंग नेटवर्क या संस्थेने यासाठी एक कार्यपद्धती लिहून ठेवली आहे. पालकाने आपला विचार कळवला की जुनी संस्था, नवी संस्था, मुलाची कौन्सिल आणि पालक यांनी एकत्र बसायचे, मुलाच्या गरजा आधी मांडायच्या, बदलीची तारीख ठरवायची आणि मगच राजीनामा द्यायचा. पण ही कार्यपद्धती संस्थांनी आपण होऊन पाळायची आहे. एखाद्या संस्थेने बैठकीला येण्यात चालढकल केली, फाइल उशिरा दिली किंवा मुलाला दुसऱ्या घरी हलवण्याची भाषा सुरू केली, तर पालकाच्या हाती विनंतीपलीकडे फारसे काही राहत नाही. मुलाची इच्छा जाणून घेण्याचे बंधन कायद्याने कौन्सिलवर घातले आहे, आणि मुलाच्या बाजूने पाहणारा स्वतंत्र आढावा अधिकारीही असतो. पण नऊ वर्षांच्या मुलाला एजन्सी म्हणजे काय हेच ठाऊक नसते. आपण इथेच राहणार आहोत का, एवढेच त्याला विचारायचे असते. या प्रश्नाचे उत्तर प्रौढांच्या आपसातल्या व्यवहारावर टांगून ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

हा व्यवहार बराचसा पैशांचा आहे आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलायला हवे. कौन्सिलचे स्वतःचे पालक असतात तेव्हा कौन्सिल त्यांना भत्ता देते आणि त्यांच्या मदतीचा खर्च आपल्याच विभागात करते. स्वतंत्र एजन्सीच्या पालकाकडे मूल ठेवले की कौन्सिल एजन्सीला आठवड्याची फी भरते. त्यातला काही भाग पालकाकडे जातो, काही सोशल वर्कर, प्रशिक्षण, उपचार यांवर खर्च होतो आणि एजन्सी नफ्यावर चालणारी असेल तर काही नफ्यात जातो. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने मार्च 2022 मध्ये या बाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या खासगी पुरवठादारांच्या फॉस्टरिंग व्यवसायातला सरासरी कार्यकारी नफा 19.4 टक्के निघाला. सुरळीत चालणाऱ्या बाजारात एवढा नफा टिकायला नको, असे प्राधिकरणाचे मत पडले. काही कौन्सिलांना हीच सेवा स्वतः कमी खर्चात देता येईल, असेही संकेत त्यांना मिळाले. तरी नफ्यावर सरसकट बंदी घालावी अशी शिफारस त्यांनी केली नाही, कारण घरे आधीच अपुरी आहेत. आता कौन्सिलचा एखादा पालक स्वतंत्र एजन्सीत गेला तर काय होते ते पाहा. खोली तीच, मूल तेच, पालक तेच. कौन्सिलचे बिल मात्र वाढते. कौन्सिलच्या अधिकाऱ्याला याचा राग आला तर तो समजण्यासारखा आहे. सार्वजनिक पैशांतून एकही नवे घर उभे राहिलेले नसते.

म्हणूनच पहिला आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. संस्थांनी एकमेकांचे पालक ओढून घेण्याने देशातल्या पालकांची संख्या एकानेही वाढत नाही, उलट माणसे हेरण्यावर आणि चौकशा पुन्हा करण्यावर खर्च होतो. मग बदली इतकी सोपी कशाला करायची? आक्षेपाचा पहिला भाग पूर्ण खरा आहे. अलीकडच्या वर्षांत इंग्लंडमध्ये फॉस्टर घरांची संख्या घटत गेली आहे आणि एका संस्थेतून दुसरीत झालेली बदली ही घट भरून काढत नाही. पण निष्कर्ष उलटा निघतो. बदली अवघड केली म्हणून नाराज पालक जुन्या संस्थेत रमत नाही. तो हे कामच सोडतो. अनुभवी पालकाने काम सोडणे म्हणजे एक घर कायमचे बंद होणे, आणि घरे कमी असलेल्या देशात याची किंमत बदलीच्या खर्चाहून कितीतरी जास्त. ज्या कौन्सिलला आपली माणसे एजन्सीकडे जाताना दिसतात, तिने फाइल अडवून ठेवण्यापेक्षा ती का जातात हे विचारावे. उत्तरे बहुधा फार गुंतागुंतीची नसतात. सोशल वर्कर दर काही महिन्यांनी बदलतो, शनिवारी रात्री फोन उचलायला कुणी नसते, मुलाविषयीच्या बैठकीत पालकाला बोलू दिले जात नाही, दोन दिवसांची विश्रांती मागितली तर माणूस मिळत नाही. याउलट एजन्सी सोडून कौन्सिलकडे येणाऱ्यांचीही कारणे असतात: खोली महिनोन्महिने रिकामी राहते, मूल दूरच्या गावातले मिळते, शाळा आणि आईवडिलांच्या भेटी यांसाठी तासन्‌तास गाडी चालवावी लागते. कौन्सिल साधारणपणे आधी स्वतःच्या पालकांकडे घर शोधते आणि तिथे जमले नाही तरच एजन्सीकडे वळते. त्यामुळे एजन्सीच्या पालकाकडे बरेचदा वयाने मोठी किंवा जास्त अवघड परिस्थितीतली मुले येतात. दोन्ही दिशांनी होणारी ये-जा हे सांगते की ही माणसे फक्त पैशांमागे धावत नाहीत.

समजा, पैशांसाठीच कुणी संस्था बदलली, तरी त्याला दोष देण्याआधी त्याचे कायदेशीर स्थान पाहावे. इंग्लंडमध्ये फॉस्टर पालक हा नोकर मानला जात नाही. 1998 साली अपील कोर्टाने एसेक्स कौन्सिलविरुद्धच्या खटल्यात म्हटले की पालक आणि कौन्सिल यांच्यातला करार हा कायद्याच्या अर्थाने कंत्राटच नव्हे, कारण त्याच्या जवळजवळ सगळ्या अटी कायद्याने आधीच ठरवलेल्या असतात. या भूमिकेचे परिणाम दूरवर गेले. किमान वेतन नाही, पगारी सुट्टी नाही, अन्यायाने काढून टाकल्याची दाद मागायला कामगार न्यायाधिकरण नाही. घरात मूल नसेल त्या आठवड्याचे पैसे बहुतेकांना मिळत नाहीत. किमान भत्ता सरकार ठरवते, पण तो मुलाच्या खर्चासाठी असतो. पालकाच्या श्रमाचा मोबदला त्यापलीकडे संस्थेच्या मर्जीवर. एप्रिल 2021 मध्ये अपील कोर्टाने एवढे मान्य केले की फॉस्टर पालकांना संघटना बांधण्याच्या मानवी हक्कापासून वंचित ठेवता येणार नाही. तो निकाल महत्त्वाचा होता, तरी त्याने ते नोकर झाले नाहीत. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मांडले होते की संस्थेवर नाराज असलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात, आवाज उठवणे किंवा निघून जाणे. फॉस्टर पालकाची आवाजाची वाट कायद्याने अरुंद करून ठेवली आहे. मग बाहेर पडण्याची वाटही अडवली, तर त्याच्याजवळ संस्थेला काही सुनावण्याचे साधनच उरत नाही. आणि पालकाचे म्हणणे ज्या संस्थेत ऐकले जात नाही, तिथे मुलाचेही फारसे ऐकले जात नाही. मुलाची दुखणी संस्थेपर्यंत पोहोचवणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि माझ्या मते सर्वांत वजनदार. ज्याच्यावर मुलाला मारल्याचा आरोप आहे, असा माणूस चौकशी पूर्ण होण्याआधी राजीनामा देऊन दुसऱ्या संस्थेत शिरला तर? ही भीती काल्पनिक नाही. फॉस्टर घरांत मुलांवर अत्याचार झाले आहेत. 2017 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नॉटिंगहमशर कौन्सिलविरुद्धच्या खटल्यात फॉस्टर पालकांनी केलेल्या अत्याचारांची भरपाई देण्याची जबाबदारी कौन्सिलवरही येते असे ठरवले. म्हणून राजीनामा दिला तरी आरोपाची चौकशी शेवटापर्यंत नेली पाहिजे आणि तिचा निकाल फाइलमध्ये नोंदला पाहिजे, याबद्दल दुमत असू नये. पण हा आक्षेप आजच्या पद्धतीची बाजू घेत नाही, तिच्याविरुद्ध जातो. आज माहिती संस्थासंस्थांच्या कपाटांत विखुरलेली आहे आणि ती मिळणे अर्जदाराची संमती व जुन्या संस्थेची तत्परता यांवर अवलंबून आहे. मान्यताप्राप्त पालकांची एकच राष्ट्रीय नोंदवही असती, तर कुणाची मान्यता कधी, कुठे, का संपली आणि कोणती चौकशी अपुरी आहे हे नव्या संस्थेला पहिल्याच दिवशी कळले असते. सर मार्टिन नॅरी आणि मार्क ओअर्स यांनी फेब्रुवारी 2018 मध्ये इंग्लंडच्या फॉस्टर व्यवस्थेचा जो आढावा सादर केला, त्यात अशा नोंदवहीचा विचार व्हावा असे सुचवले होते. त्यानंतर वर्षांमागून वर्षे गेली तरी ती आली नाही. चांगल्या पालकाला सहज जाता येणे आणि धोकादायक माणसाला लपता न येणे या दोन्ही गोष्टी त्या एकाच नोंदवहीतून साधतात, म्हणून ही दिरंगाई मला विशेष खटकते.

तिसरा आक्षेप कमी ऐकू येतो, पण मुलाच्या जवळचा आहे. घर तेच राहिले तरी मुलाचे काहीच जात नाही, असे नव्हे. मुलाचा स्वतःचा सोशल वर्कर कौन्सिलचा असतो आणि तो बदलत नाही. शाळा तीच, आढावा अधिकारी तोच. पण पालकाच्या पाठीशी असलेली एजन्सीची सोशल वर्कर, जी दर महिन्याला घरी येऊन स्वयंपाकघरात बसते आणि मुलालाही ओळखीची झालेली असते, ती जाते. अनेक एजन्सींकडे स्वतःचे मानसोपचारतज्ज्ञ असतात. दीड वर्षाने कुठे बोलू लागलेल्या मुलाचे उपचार मध्येच तुटू शकतात. महिन्यातून एक शनिवार-रविवार ज्या जोडप्याकडे मूल राहायला जाते, तेही बहुतेकदा त्याच एजन्सीचे पालक असतात आणि नवी एजन्सी त्यांना मानेलच असे नाही. सुट्टीत एजन्सीच्या सहलीला भेटणारी, आपल्यासारखीच परिस्थिती असलेली मित्रमंडळी सुटतात. लहानपणापासून माणसे गमावत आलेल्या मुलाला यातली कोणतीही गोष्ट किरकोळ नाही. म्हणून बदलीच्या बैठकीत पालकाने फक्त भत्ता आणि तारीख यांवर बोलून थांबू नये. उपचार त्याच माणसाकडे किती दिवस चालू राहतील, त्याचे पैसे कोण देईल, ते जोडपे नव्या एजन्सीत कोणत्या व्यवस्थेने येऊ शकेल, हे लिहून घेतल्याशिवाय राजीनाम्याचे पत्र पाठवू नये. आणि मूल नुकतेच आले असेल, कोर्टातला निर्णय तोंडावर असेल किंवा दहावीच्या तोडीची परीक्षा चालू असेल, तर बदली काही महिने पुढे ढकलावी. पालकाचा हक्क त्याने बुडत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा सगळा प्रश्न परका वाटेल, कारण आपली रचना वेगळी आहे. 2015 च्या बालन्याय कायद्याखाली मुलाला प्रतिपालक कुटुंबात ठेवण्याचा आदेश बालकल्याण समिती देते आणि कुटुंबाची पाहणी जिल्हा बालसंरक्षण कक्षामार्फत होते. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या एजन्सी इथे नाहीत. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होण्याची मुभा दिली, म्हणजे असे पालक हळूहळू वाढतील. राज्याची बालसंगोपन योजना, जिच्यात मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात, मुख्यतः नातलगांकडे किंवा एकल पालकाकडे असलेल्या मुलांसाठी आहे आणि ती राबवण्यात स्वयंसेवी संस्थांचा मोठा वाटा राहिला आहे. संस्था थांबली किंवा कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यात गेले की कागद कुणाकडे, हा प्रश्न इथेही पडतो. फरक एवढा की मान्यता सार्वजनिक यंत्रणेच्या हाती असल्याने ती संस्थेबरोबर मरण्याचे कारण नाही.

या युक्तिवादाची खरी परीक्षा येत्या काही वर्षांत वेल्समध्ये होणार आहे. तिथल्या विधिमंडळाने केलेल्या आरोग्य व सामाजिक सेवा कायद्याला मार्च 2025 मध्ये मंजुरी मिळाली. कौन्सिलच्या जबाबदारीवरच्या मुलांच्या सांभाळातून नफा मिळवणे टप्प्याटप्प्याने बंद करणे हा त्याचा एक मुख्य हेतू. 1 एप्रिल 2026 पासून नफ्यावर चालणाऱ्या नव्या संस्थेला नोंदणी नाही, 2027 पासून जुन्या संस्थांच्या वाढीवर मर्यादा, आणि 2030 पासून अशा संस्थेकडे मूल ठेवायचे तर वेल्सच्या मंत्र्यांची मंजुरी. खासगी एजन्सींना ना-नफा रूप घेण्याची मुभा आहे; काही घेतील, काही गाशा गुंडाळतील, आणि दोन्ही परिस्थितींत त्यांच्या पालकांना दुसऱ्या संस्थेत जाण्याचा विचार करावा लागेल. हेतू मला पटतो. पण तो कायदा पालकांच्या मान्यतेला हात लावत नाही, आणि तिथेही मान्यता ज्या त्या संस्थेचीच आहे. एजन्सी बंद होण्याच्या तारखेला तिच्या प्रत्येक पालकाची नवी मान्यता तयार असली पाहिजे. त्यासाठी पॅनेलच्या बैठका, चौकशी करणारे सोशल वर्कर आणि फाइल देण्याघेण्याची ठरलेली मुदत यांची तजवीज एकाच वेळी शेकडो घरांसाठी करावी लागेल. हे काम 2030 जवळ आल्यावर उरकण्यासारखे नाही. एकेका बदलीला काही महिने लागतात हे धरले, तर सुरुवात आताच व्हायला हवी. आणि ती करताना बंद होणाऱ्या एजन्सीच्या पालकाची मान्यता नवा निर्णय होईपर्यंत चालू राहील, असा एक साधा नियम करून टाकला, तर त्या मुलांपैकी कुणाचेही घर केवळ तारखा जुळल्या नाहीत म्हणून मोडणार नाही.